कायदा वाचायचा तर अपवादापासून वाचा

सावंतवाडीहून कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : गोव्यात दीडशे वर्षं सगळ्या धर्मांना एकच नागरी कायदा आहे, म्हणजे तिथे धर्माला कायद्याबाहेर ठेवणं जमलं असं म्हणायचं का? आणि मुळात देशाचा कायदा धर्मावर किंवा नीतीवर उभा असावा का?

फोंड्यात मी तीस वर्षं वकिली करते. त्यातला मोठा भाग इन्व्हेंटरी (म्हणजे मयताच्या मालमत्तेची कोर्टातली यादी आणि वाटणी), वारसापत्रं, हक्कसोड आणि लग्ननोंदणीच्या भानगडींत गेला. त्यामुळे माझं उत्तर पुस्तकापेक्षा टेबलावरून येईल. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

आधी गोष्ट नीट समजून घे. ज्याला आपण ‘गोव्याचा कॉमन सिव्हिल कोड’ म्हणतो, ती पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता. ती १८६९ च्या आदेशाने समुद्रापलीकडच्या प्रांतांना लावली गेली आणि १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. पोर्तुगालने स्वतः १९६६ साली नवी संहिता केली आणि जुनी मोडीत काढली. आपल्याकडे १९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती आली आणि १९६२ च्या प्रशासन कायद्याने, बदलले नाहीत तोवर जुने कायदे चालू ठेवले. म्हणजे माय मेली आणि मावशीकडे ती संहिता जगली. २०१६ च्या डिसेंबरात वारसाहक्काचा आणि इन्व्हेंटरीचा भाग गोवा विधानसभेच्या स्वतःच्या कायद्यात आला, पण हाडं तीच आहेत.

आता ‘सगळ्यांना एकच’ हे शब्द. कायद्याचं पहिलं कलम वाचून तो कोणाचा ते कळत नाही. ‘परंतु’ आणि ‘या बाबी वगळून’ जिथे येतं, तिथे नजर टाक. बनवणाऱ्याला कोणाला दुखवायचं नव्हतं, कोणाची भीती होती, कोणाचा देव त्याच्या टेबलाशेजारी उभा होता, ते तिथे दिसतं. मी ज्युनिअर मुलांना सांगते, कायदा अपवादापासून वाचायला घ्या.

संहिता आली आणि दहाच वर्षांत, १६ डिसेंबर १८८० ला, हिंदूंच्या रूढी आणि चालीरीती जपणारा स्वतंत्र आदेश निघाला. का, ते गोव्याचा नकाशा बघितला की समजतं. तिसवाडी, बार्देस, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेला भाग. तिथे सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली, ते आमच्या प्रत्येक देवळाच्या कहाणीत आहे. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. पण पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण हा भाग अठराव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेला तेव्हा इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायासनाचा, जोर ओसरत चालला होता. इथल्या लोकांच्या चालीरीतींना हात लावायचा नाही, हे धोरण होतं. त्या धोरणाचा शेपटा म्हणजे १८८० चा आदेश.

त्यात काय होतं? एका अटीत असं होतं की पहिल्या बायकोला वयाच्या पंचविशीपर्यंत मूल झालंच नाही, तर हिंदू पुरुषाला दुसरी बायको करता येईल. दुसऱ्या अटीत असं की मुलगा झाला नसेल आणि पहिली बायको तिशी ओलांडून गेली असेल, तर करता येईल. ‘मूल’ आणि ‘मुलगा’ या शब्दांतला फरक लक्षात घे. लिस्बनचा कॅथलिक राजा हिंदूंच्या पुत्रप्राप्तीची, म्हणजे शेवटी पिंडदानाची, काळजी वाहतो आहे! मी तीस वर्षांत या अपवादाचं एकही जिवंत प्रकरण हाताळलेलं नाही. ‘गोव्यात हिंदूंना दुसरी बायको चालते’ असं कोणी म्हणालं की मी हसते. पण कागदावर तो होता, आणि ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणून मिरवणाऱ्या कायद्याच्या पोटात होता.

कॅथलिकांचा अपवाद वेगळ्या वाटेने आला. १८६७ च्या संहितेत लग्न मोडता येतच नव्हतं. संहिता त्याला कायमचा करार म्हणे, कॅथलिकांसाठी तर तो संस्कार होता, आणि संस्कार मोडत नाही. नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी, असंही लिहिलेलं होतं. ५ ऑक्टोबर १९१० ला पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं. ते लोक चर्चवर चिडलेले होते. महिनाभरात, ३ नोव्हेंबरला, घटस्फोटाचा कायदा आला. नाताळच्याच दिवशी कुटुंबाचे नवे कायदे निघाले, त्यात लग्न हा निव्वळ नागरी, मोडता येणारा करार ठरला आणि आज्ञापालनाचं कलम गेलं. तारीख मुद्दाम निवडली असेल की नाही कोण जाणे, पण मला ती निवडलेली वाटते. पुढच्या वर्षी चर्च आणि राज्य वेगळे झाले.

मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आला. १९४० मध्ये पोर्तुगालने व्हॅटिकनशी करार केला आणि १९४६ च्या आदेशाने तो वसाहतींना लावला. चर्चमध्ये लग्न केलं की घटस्फोटाचा हक्क आपोआप सोडला, असं त्यात धरलं गेलं. १९७५ मध्ये पोर्तुगालने तो करार बदलला आणि तिथल्या कॅथलिकांना घटस्फोट मोकळा झाला. आपण तोवर वेगळ्या देशात होतो, त्यामुळे ती दुरुस्ती आपल्यापर्यंत आलीच नाही. चर्चने सोडून दिलेलं बंधन इथे राज्याच्या पुस्तकात राहून गेलं.

म्हणजे एकाच राज्याने छत्तीस वर्षांत धर्म कायद्यातून हाकलला आणि मागच्या दाराने परत घेतला. या सगळ्यात गोव्याच्या माणसाला कोणी विचारलं? कोणीच नाही. ‘राष्ट्राच्या कायद्यावर धर्माचा प्रभाव’ हा प्रश्न आमच्याकडे विचारताना ‘कोणत्या राष्ट्राच्या?’ हेही विचारावं लागतं.

अर्थात याआधीचा काळ याहून भीषण होता. गोव्यात इन्क्विझिशन १५६० ते १८१२ चाललं, मधली चार-पाच वर्षं सोडून. १७३६ च्या फर्मानात दारात तुळस ठेवायची नाही, लग्नात विडा द्यायचा नाही, मीठ न घालता भात शिजवायचा नाही, असल्या गोष्टी आहेत. नवख्रिस्ती घरातला भातसुद्धा कायद्याच्या कक्षेत होता. आणि एक तपशील मला वारसाहक्काचं काम करताना नेहमी आठवतो. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी असा नियम केला की हिंदू पुरुषाला मुलगा नसेल, तर बायको-मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मालमत्ता त्यांना मिळेल. म्हणजे या मातीत बाईच्या वारसाहक्काचा एक आरंभ आमिष म्हणून झाला. हक्क चांगला, हेतू वाईट. असली गाठ सुटता सुटत नाही.

तुझ्याकडच्या बाजूला एकोणिसाव्या शतकात हाच झगडा उघड चालला. १८२९ ची सतीबंदी आणि १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा तुला पाठ असेल. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यात मुलीचं वय दहावरून बारा केलं, तेव्हा टिळक आणि आगरकर यांच्यात जे झालं ते पुन्हा वाच. टिळकांचा रोख परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये यावर होता. आगरकरांना मुलीच्या अंगाचं दुखणं दिसत होतं. दोघेही धर्माबद्दल बोलत होते असं वरवर वाटतं, पण भांडण ‘बदलायचा अधिकार कोणाचा’ यावर होतं. आमच्याकडे तसं भांडण झालं नाही, कारण भांडायला जागाच नव्हती.

आता रोजच्या कामातलं. लग्नापासून सुरू करू.

पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, बांद्याला, हिंदू विवाह सप्तपदीने होतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विधीच झाले नसतील तर नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे विवाह नव्हे. नाका ओलांडून पेडण्यात आलास की उलट. इथे हिंदूचं लग्न सिव्हिल रजिस्ट्रारसमोरच्या सहीने होतं. पहिली सही म्हणजे इरादा जाहीर करणं. मग जाहीर नोटिशीचे दिवस जातात, कोणाची हरकत नसेल तर दुसरी सही होते आणि तेव्हा लग्न लागतं. सप्तपदी कायद्याला दिसतच नाही. कॅथलिक जोडप्यालाही पहिली सही करावी लागते, पण पुढे ते रजिस्ट्रारचा दाखला घेऊन चर्चमध्ये जातात आणि पाद्रीसमोरचा विधी हाच कायदेशीर विवाह ठरतो. एकच कायदा, पण एकाच्या वेदीला मान्यता आणि दुसऱ्याच्या होमाला नाही. याचा कोणी विशेष राग केलेला मी पाहिला नाही, कारण आमच्या लोकांनी सहीला ‘कागदाचं काम’ म्हणून दुय्यम ठरवून टाकलं आहे.

आणि तिथेच घात होतो. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी आली. पहिली सही झाली, देवळात थाटात लग्न लागलं, तीनशे पानं उठली. नवरा जहाजावर कामाला, दहा दिवसांत बोटीवर गेला. दुसरी सही ‘पुढच्या सुट्टीत करू’ म्हणून राहिली. पुढच्या सुट्टीत त्याने अंग काढून घेतलं. तिच्याकडे मंगळसूत्र होतं, अल्बम होता, भटजी साक्षीला तयार होते. पण ती कायद्याने बायको नव्हती. तिची आई मला म्हणाली, “वकीलबाय, आमच्या देवासमोर झालंय ना?” हिला कुठलं कलम सांगायचं? धर्माची साक्ष पुरेशी आहे असं समाजाला वाटतं, राज्याला वाटत नाही, आणि मधल्या फटीत पडते ती नेहमी मुलगी.

दुसरी गोष्ट वाटणीची. गोव्याच्या कायद्यात मला खरोखर अभिमान वाटावा असं काही असेल, तर ते इथे आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एकत्र, दोघांचा अर्धा अर्धा वाटा. माहेरकडून वारशाने आलेलंही त्यात जातं. बायकोच्या सहीशिवाय घर किंवा जमीन विकता येत नाही. मृत्युपत्राने फक्त अर्धी मालमत्ता मनासारखी देता येते. उरलेली अर्धी मुलांची, आणि मुलगे-मुली सारखे. इथल्या मुलीला हे १८७० पासून आहे, तुझ्याकडच्या मुलीला सहदायादीत, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत, बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, तोही तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींनाच, आणि देशभर तो २००५ मध्ये मिळाला. मुसलमानांनाही इथे हीच संहिता आहे. १९३७ चा शरियत कायदा गोव्याला लागू झालाच नाही, म्हणून इथल्या नोंदलेल्या लग्नात दुसरी बायको नाही आणि तोंडी तलाकही नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोवेकराच्या मुंबईतल्या मालमत्तेलाही हाच कायदा लावला आणि जाता जाता गोव्याची पाठ थोपटली.

पण कौतुक करणाऱ्यांनी नोटरीच्या खोलीत एक सकाळ बसावं.

मागच्या पावसाळ्यात एक कुटुंब आलं. प्रियोळकडचं कुळागर, सुपारी, मिरी, चार नारळ, एक झरा. वडील गेलेले. दोन भाऊ, एक बहीण. बहीण ठाण्याला दिलेली. भाऊ हक्कसोडीचा मसुदा हातात घेऊनच आले होते. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “तुमचा वाटा तुमच्या भावांएवढाच आहे, सही करायची सक्ती नाही.” ती म्हणाली, “माहीत आहे. पण माहेर तुटेल.” मग म्हणाली, “चवथीला यायचं आहे ना मला.”

हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे, हिंदूंकडून आणि कॅथलिकांकडूनही. धर्मग्रंथात याचा आधार शोधू नकोस, मिळणार नाही. ही घरची नीती आहे. दागिने दिले, लग्न लावलं, आता जमीन भावाची. जी मुलगी वाटा मागते ती ‘लोभी’, जी सोडते ती ‘चांगल्या वळणाची’. कायद्याने मुलीला बरोबरीचं दिलं, नीतीने ते एका दुपारी परत घेतलं, आणि तेही पूर्ण कायदेशीर कागदावर.

यात एक गंमत आहे, तिला गंमत म्हणावी की नाही कळत नाही. हक्कसोडीवर जावयाचीही सही लागते, कारण बायकोच्या वारशात तोही अर्धा मालक होतो. म्हणजे बाईला बळ देणारं जे एकत्र मालमत्तेचं तत्त्व, तेच भावांच्या हातातलं शस्त्र होतं : “आमची जमीन परक्या घरात जाते, बघा!” ठाण्याचा जावई त्या दिवशी रजा टाकून आला होता. बिचारा गप्प बसून होता, सही कुठे करायची एवढंच विचारलं त्याने.

हे सांगायचं कारण असं की धर्माचा आणि नीतीचा प्रभाव आपण विधानसभेत, संसदेत, पोथीत शोधतो. माझ्या टेबलावर तो नेहमी सहीच्या रूपाने येतो.

सरकारी कायद्यातही नीतीचे नमुने आहेतच, ते थोडक्यात सांगते. १९७६ चा आमचा जुगारविरोधी कायदा जुगाराला गुन्हा ठरवतो. मग १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना सवलत मिळाली, चार वर्षांनी पाण्यावरच्या बोटींना. मांडवीच्या काठावर पाप, मांडवीच्या पोटात पर्यटन. आणि जत्रेत देवीच्या दारात रात्रभर जे पट मांडलेले असतात, ते कोणालाच दिसत नाहीत. गोहत्येचा १९७८ चा कायदा गायीला वाचवतो, म्हशी-रेड्यांचं वेगळं बघतो. इथे बीफ खाणारे लोक शेजारी राहतात हे तो विसरलेला नाही. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते, पण ती अपवादातच आहे हे बघ. देवळांचा कारभार अजून पोर्तुगीज काळातल्या देवस्थान नियमांनी चालतो, १८८६ चे आणि मग १९३३ चे. महाजन, म्हणजे देवळाचे सभासद, जन्माने, आणि देखरेख मामलेदाराची. राज्य देवळाच्या कमिटीत बसलेलं आहे आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. महाजनांच्या यादीत बायका का नाहीत हा प्रश्न विचारला की मात्र ‘धर्मात हस्तक्षेप’ होतो.

आता तुझा दुसरा प्रश्न, असावा की नसावा. ‘कायदा धर्मापासून अलिप्त’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, चोरी करू नये हे कुठून आलं? बहुतेक कायद्याची मुळं कुठल्या ना कुठल्या देवळाच्या आवारातच सापडतील. मूळ कुठलं यावरून मी कायदा टाकत नाही. मी एकच बघते : या कलमाचं कारण माझ्या देवाला न मानणाऱ्या माणसाला सांगता येतं का? आणि ज्याला ते लागू होणार त्याने उलट प्रश्न विचारला तर उत्तर आहे का?

बायकोच्या अर्ध्या वाट्याचं उदाहरण घे. नवरा-बायको एकदेह होतात ही ख्रिस्ती कल्पना त्याच्या अगदी जवळची आहे. पण ती कल्पना बाजूला ठेवली तरी कारण उरतं : तिने कुळागरात पाणी घातलं, घर चालवलं, म्हणून अर्धं तिचं. हे नास्तिकालाही सांगता येतं. आता उलट, मुलगा नाही म्हणून दुसरी बायको, याचं कारण पिंडदान मानलं तरच सांगता येतं. चर्चमध्ये लग्न केलं म्हणून घटस्फोट नाही, याचं कारण संस्कार मानला तरच सांगता येतं. ही दोन कलमं एका धर्माची आणि दुसऱ्या धर्माची आहेत, पण माझ्या कसोटीवर दोन्ही एकाच ठिकाणी पडतात. आंबेडकरांनी संविधानसभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनात्मक नीतिमत्तेबद्दल जे सांगितलं, की ती आपोआप अंगी येत नाही, जोपासावी लागते, ते मी याच अर्थाने वाचते. समाजाची नीती आणि घटनेची नीती भिडतात तेव्हा न्यायालयांनी अलीकडे दुसरीची बाजू घेतली आहे. २०१७ मध्ये तिहेरी तलाक आणि २०१८ मध्ये समलैंगिक संबंधांचा निकाल आला, ते तुला अभ्यासात असतीलच.

देशभर समान नागरी कायदा आणायचा तर ‘गोव्याचा घ्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. उत्तराखंडाने २०२५ च्या जानेवारीपासून स्वतःचा लागू केला, तेव्हा मला फोनवर फोन आले. मी म्हणते, घ्या ना. दुसऱ्या सहीची शिस्त घ्या, अर्ध्या वाट्याचं तत्त्व घ्या, मुलांना बेदखल करू न देणारी अर्धी मालमत्ता घ्या. १८८० चे अपवाद आणि १९४६ चं कुलूप आमच्याकडेच राहू द्या. एकत्र मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे देणारं जुनं कलमही आमच्याकडेच ठेवा, त्याची आठवण कौतुक करणाऱ्यांना नसते. आणि हक्कसोडीसाठी काहीतरी करा. मुलीला वडील गेल्यावर निदान वर्षभर तरी सही करता येऊ नये, असं माझं मत आहे. ते सुतकात मागतात, आणि सुतकात ‘नाही’ म्हणता येत नाही.

तू विचारलं नाहीस, पण विचारशील म्हणून सांगते. माझे वडील गेले तेव्हा बाराव्यानंतरच्या आठवड्यात मीही हक्कसोड केली. मसुदा माझाच होता, भाषा अगदी निर्दोष. भावाने मागितलीही नव्हती. आईने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं होतं.